एक म्हण, दोन कर्जत

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, सीना आणि भीमेच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात. दुसरा रायगडात, सह्याद्रीच्या अगदी पायाशी, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण दोन्हीकडे माहीत आहे. पण ती खरी आहे एकाच कर्जतात.

सूर्य स्वाती नक्षत्रात जातो साधारण 24 ऑक्टोबरला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे असतो. घाटावरच्या कर्जतात तेव्हा रब्बीची ज्वारी नुकती वर आलेली असते. तिला एक चांगली सर मिळाली की पुढे कणसात टपोरा दाणा भरतो. म्हणीतले मोती ते हेच. रायगडच्या कर्जतात आणि शेजारच्या खालापुरात त्याच दिवसांत भात कापून खाचरात पसरलेलं असतं, नाहीतर भारे बांधून खळ्याकडे चाललेलं असतं. त्यावर स्वातीची सर कोसळली की लोंबीतल्या दाण्याला जागच्या जागी मोड येतात, पेंढा काळा पडतो आणि जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. घाटावर ज्याचे मोती होतात त्याची घाटाखाली माती होते. खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीत दोन हजार फुटांचाही फरक नाही, पण तेवढ्यात म्हण उलटी होते.

म्हणींचे अर्थ सांगणारी पुस्तकं ही गोष्ट सांगत नाहीत. त्यांत म्हण असते, पुढे अर्थ असतो, आणि तो अर्थ भामरागडपासून बांद्यापर्यंत सगळीकडे सारखाच चालतो असं गृहीत धरलेलं असतं. मला वाटतं, म्हणीला गाव असतं, जमिनीची उंची असते आणि म्हणणाऱ्याची जात-जमातही असते. कर्जत आणि खालापूर हे तालुके घाट आणि कोकण यांच्या उंबऱ्यावर आहेत. वरून आलेली म्हण आणि खालून आलेली म्हण इथे एकाच ओसरीवर बसते. म्हणून हे तपासायला याहून चांगली जागा नाही.

भाताचीच आणखी एक म्हण घ्या. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’. चित्राचा पाऊस झाला तर भात इतका पिकेल की कुत्रासुद्धा ढुंकून बघणार नाही, असा तिचा अर्थ. हीच म्हण ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ अशीही म्हटली जाते. कुत्रा तोच, नक्षत्र वेगळं. उत्तरा 13 सप्टेंबरच्या आसपास लागतं, चित्रा 10 ऑक्टोबरनंतर. महिन्याभराचा हा फरक यमकाच्या सोयीने पडला असेल, असं कोशात बघणाऱ्याला वाटेल. कर्जतच्या बाजूला एखाद्या जुन्या शेतकऱ्यापुढे ही म्हण टाकली तर तो खरं-खोटं ठरवण्याआधी उलट विचारतो, हळवं की गरवं?

उत्तर त्या प्रश्नातच आहे. हळवं भात शंभर ते एकशेपंधरा दिवसांत तयार होतं आणि ते लावतात उंचावरच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या जमिनीत. मृगात पेरलं की सप्टेंबरअखेरीला ते पिवळं पडायला लागतं. त्याला उत्तराचा पाऊस हवा, कारण दाणा भरण्याचे दिवस तेच. चित्राचा पाऊस मात्र त्याला आडवा करतो. गरवं भात घेतं एकशेचाळीस दिवस, कधी जास्त. ते खोलगट, पाणथळ खाचरातलं पीक. ते निसवतं सप्टेंबर संपता संपता, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच्या दाण्यात अजून दूध असतं. त्या वेळी आलेली चित्राची सर त्याला मानवते. म्हणजे दोन्ही पाठ बरोबर आहेत. एक माळाच्या तुकड्याचा, दुसरा नदीकाठच्या खाचराचा. एकाच घरात दोन्ही प्रकारची जमीन असली तर एकाच पावसाला घरातल्या घरात एकाने हसावं आणि दुसऱ्याने रडावं, अशी वेळ येते.

यात आणखी एक गुंता आहे, तो सरकारी. 1919 साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ हे नाव घेऊन निघालेले भाताचे वाण कोकणभर गेले. कर्जत-184 आणि कर्जत-3 हळवे, कर्जत-2 गरवा. बियाण्याच्या पिशवीवर दिवस छापलेले असतात. वाण बदलला की कापणीचा महिना बदलतो आणि कापणी बदलली की कालपर्यंत हवंसं असलेलं नक्षत्र नकोसं होतं. शंभर वर्षांत या केंद्राने किती म्हणींचे अर्थ इकडचे तिकडे केले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. भाताच्या उताऱ्याचा मात्र दरवर्षी मांडला जातो.

नक्षत्रांना इथे नावंही घरातली आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आश्लेषाचा आसळकाचा. मघा सासूचा आणि पूर्वा सुनांचा. का, ते ज्याचं त्याने आपापल्या घरात बघून ठरवावं. मघाची म्हण तर चारचौघांत पूर्ण म्हणायची पंचाईत. ‘न पडतील मघा तर वरती बघा, पडतील मघा तर चुलीपाशी हगा’. पाहुणे असले की शेवटचा शब्द गिळला जातो. पण ऑगस्टच्या उत्तरार्धात, भिवपुरीकडे नाहीतर खांडसकडे, आठ-आठ दिवस उघडीप नसलेल्या पावसात कुडाच्या घरात राहून बघा. बाहेर पाऊल टाकता येत नाही, कोरडी जागा घरात एकच, ती चुलीपाशी. म्हणीत अश्लील काही नाही, परिस्थितीचं वर्णन आहे. तिचा पहिला अर्धा भाग, तो आभाळाकडे बघण्याचा, खरा घाटावरचा. तिथे मघा कोरडी गेली की दुष्काळाची चाहूल लागते. दुसरा अर्धा भाग घाटाखालच्यांचा. पावसाच्या एकाच म्हणीत दोन प्रदेशांनी आपापली तक्रार लिहून ठेवली आहे.

मराठी म्हणी गोळा करण्याचं काम जुनं आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) शब्दांच्या पोटात म्हणी भरलेल्या आहेत. रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवारिंग या मिशनऱ्याने केलेला संग्रह ऑक्सफर्डहून 1899 साली निघाला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ 1940 च्या दशकात दोन भागांत आला. ही मोठी कामं आहेत, त्यांच्याशिवाय आपण आंधळे. पण या कोशांत म्हण कुणी, कुठल्या गावात, कशावरून म्हटली, हे क्वचितच मिळतं. उल्हास नदीच्या खोऱ्याबद्दल याच्या उलट जाणारी एक परंपराही आहे. कर्जतच्या शेजारचं बदलापूर घेऊन ना. गो. चापेकरांनी 1933 साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला, एका गावाची बारीकसारीक नोंद म्हणून. पुढच्याच वर्षी वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक आलं आणि 1960 साली ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं. ही माणसं आणि त्यांची जमीन यांतून बघितलं की कोशातल्या म्हणी वेगळ्या दिसायला लागतात.

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’. अर्थ सगळ्यांना पाठ आहे, प्रचंड खटाटोप आणि हाती फुसकं फळ. हा अर्थ उंदीर न खाणाऱ्याने लावलेला आहे. कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांना भाताची कापणी झाली की शेताच्या बांधातली बिळं दिसतात. बीळ कुठून सुरू होतं, कुठे वळतं, दुसरं तोंड कुठे आहे, एका तोंडाशी धूर केला की उंदीर कुठून निघेल, हे ज्ञान पिढ्यांचं आहे. उंदीर मिळतो, तो भाजून खाल्ला जातो. शिवाय बिळाच्या पोटात उंदराने साठवलेल्या भाताच्या लोंब्या मिळतात, आणि त्या कधी कधी मूठ-दोन मुठींहून बऱ्याच जास्त असतात. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याची ही सुगी. म्हणजे पोखरणं फुकट जात नाही, त्यातून कालवण आणि भात दोन्ही निघतं. कातकरी हे नाव खैराच्या कातावरून आलं. जंगल खात्याने खैर बंद केला, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. बीळ उकरायला मधे जे थोडे दिवस मिळतात ते हेच, कापणीनंतरचे आणि भट्टीवर जाण्याआधीचे.

डोंगर पोखरण्याचं दुसरं, फार मोठं उदाहरणही याच भागात आहे. 1856 ते 1863 या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कर्जतच्या वरचा बोरघाट पोखरला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि अठराशे एकतीस फुटांची चढण. ऐन कामात चाळीस हजारांच्या वर मजूर होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांत हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून मेला, आणि पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने तडीला नेलं. मजुरांची नावं कुठे नाहीत. नाव टिकलं ते एका धनगराचं, तेही कथेत. घाटातली वाट साहेबांना सापडेना, ती मेंढरांमागे फिरणाऱ्या शिंगरोबाने दाखवली. बक्षीस काय हवं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या, आणि साहेबांनी त्याला गोळी घातली. खोपोलीच्या घाटात त्याचं देऊळ आहे, जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. कागदपत्रांच्या कसोटीवर ही कथा लावत बसण्यात मला रस नाही. ‘गरज सरो वैद्य मरो’ ही म्हण या खोऱ्यात कशी समजली गेली, ते या कथेत लख्ख दिसतं. इथे गरज सरते आणि वैद्य नुसता मरत नाही, त्याला मारलं जातं.

घाटाची सगळ्यात चांगली म्हण मात्र दुसरीच. ‘भात सोडावा पण साथ सोडू नये’. पानावर भात वाढलेला असेल आणि बरोबरचे निघाले तर उठावं, पण एकट्याने मागे राहू नये. जनावरांच्या आणि वाटमाऱ्यांच्या दिवसांतला हा सल्ला. बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 साली, गव्हर्नर माल्कमच्या काळात. त्याआधी बैलांच्या पाठीवर ओझी आणि पायी माणसं. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये वर खंडाळ्याहून पुण्याला सुरू झाली, पण मधला घाट 1863 पर्यंत पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनेच चढायचा होता. आगगाडीतून उतरलेला मुंबईकर खोपोलीत सोबत शोधत उभा आहे, हे दृश्य पाच वर्षं रोजचं असणार.

घाट आता कुणी चालत चढत नाही, पण म्हण रिकामी बसलेली नाही. ती पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये जाऊन बसली. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर, दोन तासांहून जास्त. ठरलेला डबा, ठरलेली खिडकी, बदलापूरच्या पुढे उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा सोबतच्यांनी धरून ठेवलेली बसायची जागा. त्यासाठी माणूस घरी चूल पेटण्याआधी निघतो. गरम भात खरोखर सोडून, डबा पिशवीत टाकून. त्या डब्यातल्या मंडळींमध्ये लग्नं जमतात, भिशी चालते, कुणी आजारी पडलं तर रात्री रुग्णालयात तीच माणसं असतात. जुन्या म्हणीला इतकं तंतोतंत नवं घर क्वचितच मिळतं.

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं म्हणतात. खालापुरात नदीचं मूळ शोधणं सोपं आहे, ते वीज कंपनीच्या नकाशात मिळतं. टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं, ते नळांतून खाली सोडलं आणि 1915 साली खोपोलीला वीज झाली. टर्बाइनवरून पडलेलं ते पाणी पाताळगंगेला मिळतं. 1922 साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, त्याचं पाणी उल्हासला. म्हणून या दोन नद्या उन्हाळ्यातही वाहतात आणि त्यांच्या काठी कारखाने, पालिका, रसायनीसारख्या वसाहती उभ्या राहू शकल्या. हे पाणी मूळचं कुणाचं? इंद्रायणीच्या खोऱ्याचं. डोंगराने दिलेल्या उताराने ते गेलं असतं तर आळंदीवरून भीमेत आणि तिथून पंढरपूरला. ते बोगद्यांतून पश्चिमेला वळलं आणि गिरण्यांची चाकं फिरवून खाडीला मिळालं. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ या म्हणीचं इतकं मोठं बांधकाम जगात दुसरीकडे नसेल.

पाण्याचीच आणखी एक म्हण इथे उलटी होते. ‘काखेत कळसा गावाला वळसा’. हाताशी असलेली वस्तू न दिसणाऱ्या वेंधळ्याला ती म्हणतात. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबई महानगरपालिकेचं, नळाने नवी मुंबईला जातं. वरच्या वाड्यांवरच्या बायकांना धरण दिसतं, अगदी स्पष्ट दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये झरा आटला की त्या डोक्यावर हंडे घेऊन वळसे घालतात. त्यांचा वेंधळेपणा यात काडीचा नाही. कळसा काखेत आहे, पण त्यातलं पाणी दुसऱ्याच्या नावावर आहे.

त्याच मोरब्याच्या डोक्यावर इर्शाळगड उभा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण या तालुक्यांत आता घरबांधणीच्या जाहिरातींनी बदलून टाकली आहे, तिथे डोंगर दुरूनही साजरे आणि खिडकीतूनही. गडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. 19 जुलै 2023 च्या रात्री, तरणा पाऊस संपून म्हातारा लागण्याच्या सुमारास, वरचा कडा तिच्यावर आला. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर जाईनात, म्हणून माणसांनी फावड्यांनी उकरलं. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच सांगितलं. यादी करणाऱ्यांनी डोंगर दुरून पाहिला होता, एवढाच अर्थ मला त्या म्हणीत आता दिसतो. ठाकरांनी तो कधीच दुरून पाहिलेला नाही. त्यांचं नाचणी-वरीचं शेत, कारवीच्या कुडाचं घर, कंद, देव आणि मसणवट सगळं त्याच उतारावर.

जुन्या संग्रहांत जातींवरून आणि बायकांवरून डिवचणाऱ्या म्हणींचे ढीग आहेत. त्या इथे उतरवून काढण्याची मला गरज वाटत नाही. पण त्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. कातकरी, ठाकर, महार, धनगर हे म्हणीचा विषय म्हणून येतात, म्हण म्हणणारे म्हणून येत नाहीत. याच जिल्ह्यात 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, आणि त्यानंतर कित्येक म्हणी उघड बोलायची हिंमत कमी झाली. म्हण मरते ती अशी. कुणी तिला पुस्तकातून काढत नाही. समोरचा ऐकून घेत नाही, एवढंच होतं.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ हीसुद्धा अशीच कुणाची तरी म्हण आहे. कुणबी आणि आगरी कुळांची ती असणं शक्य नाही. पिकाचा मोठा वाटा सावकाराच्या कणगीत टाकणाऱ्याला शेती उत्तम वाटायचं कारण नव्हतं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून सहा वर्षं जमीन पड ठेवली, ती याच रागाने. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनानंतर कुळं मालक झाली. म्हणजे ज्या घरांत आज जमीन विकायची की ठेवायची यावरून भावाभावांत बोलणं बंद आहे, त्यांच्याकडे ती आजोबांपासूनचीच आहे. विक्रीचे पैसे आले की ‘असतील शिते तर जमतील भुते’ कशी खरी होते ते गावोगाव दिसतं, दलालांपासून गाड्यांच्या विक्रेत्यांपर्यंत सगळी भुतं हजर.

आणि घेणारा? कुळवहिवाट कायद्याचं 63 वं कलम सांगतं की शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येणार नाही. मग मुंबई-पुण्यातला माणूस आजोबांच्या गावचा सातबारा शोधायला निघतो. सात चुलतभावांत मिळून चार गुंठे, त्यात वारस म्हणून नाव चढलं की काम झालं. त्याची नोकरी चांगली आहे, बाजूला एखादा व्यापारही चालू आहे, आणि कर्जतला बंगला बांधायचा तर दाखला त्याला लागतो शेतकऱ्याचा.